भोक पडलेली गिटार आणि झिजेची साक्ष

आजचा धागा एका भोकाविषयी आहे.

अकूस्टिक गिटारीच्या मध्यभागी एक गोल भोक असतेच. तिच्या पोटातला आवाज त्यातून बाहेर येतो. अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या गिटारीला मात्र त्या गोल भोकाच्या शेजारी दुसरे एक भोक आहे. ते वेडेवाकडे, कडा झिजलेले आणि तळहाताने झाकावे एवढे मोठे आहे. कारखान्यात ते कुणी पाडलेले नाही. वर्षानुवर्षे पिक आणि बोटे एकाच जागी घासत राहिली, आधी पॉलिश गेले, मग लाकूड पातळ होत गेले आणि शेवटी आरपार झाले.

ही गिटार नेल्सन यांच्याकडे आली १९६९ साली. टेक्सासमधील हेलोटीस गावातल्या एका कार्यक्रमात कुणा मद्यपी माणसाचा पाय त्यांच्या आधीच्या बाल्डविन गिटारीवर पडला. मोडकी गिटार नॅशव्हिलला शॉट जॅक्सन यांच्याकडे दुरुस्तीला गेली. ती दुरुस्त होण्यापलीकडे होती, म्हणून जॅक्सन यांनी तिचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत पकडणारा भाग, दुकानातल्या एका मार्टिन एन-२० गिटारीत बसवून दिला. नेल्सन यांनी ती न पाहताच ७५० डॉलरना घेतली. पडद्यावरचे काउबॉय रॉय रॉजर्स यांच्या घोड्याचे नाव त्यांनी तिला दिले: ट्रिगर.

आता कल्पना करा, की गिटारीवर कोणाचे नाव नाही आणि ती पुण्यामुंबईच्या एखाद्या जुन्या वाद्यांच्या दुकानात टांगलेली आहे. वरच्या फळीला भोक, पॉलिश उडालेले, लाकडावर शंभराहून अधिक लोकांनी खरवडलेल्या सह्या. आपण ती घेऊ काय? दहांतले नऊ जण हातही लावणार नाहीत. जी गिटार घेऊ नये असे वाटते तिच्यावर एका माणसाची अर्धशतकाची कारकीर्द उभी आहे, आणि जी चकचकीत दिसते ती कित्येकदा आतून मेलेली असते. वापरलेली गिटार निवडताना रूपाची झीज कशी वाचावी, हा प्रश्न बाजारातला दिसतो. पण तो सोडवण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. जुने कागद हाती आल्यावर शाई, कागद, घड्या, वाळवीची भोके पाहून आपण जे करतो, तेच येथे लाकडावर करावयाचे आहे.

सुरुवात पृष्ठभागापासून करू, कारण सगळी गफलत तेथेच होते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय गिटारींवर बहुधा लाखेचे पॉलिश असे. लाख हा आपल्याकडच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. तो शुद्ध करून त्याचा चपडा होतो, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने शेकडो पातळ हात देतात. आपले सुतार यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. त्या काळी जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. म्हणजे स्पेनमधल्या एखाद्या जुन्या गिटारीची झळाळी मुळात छोटा नागपूरच्या जंगलातून आलेली असू शकते. हे पॉलिश फार पातळ आणि नाजूक. घामाने ते जाते, मद्याचा थेंब पडला तरी विरघळते. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या गिटारीवर हात टेकण्याच्या जागी लाकूड उघडे पडलेले दिसले, तर त्यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य तेव्हा वाटावे, जेव्हा ते पडलेले नसते.

पुढे मोटारींनी हे चित्र बदलले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज भरपूर उपलब्ध होते. युद्धात त्यापासून स्फोटके बनत. ड्यूपॉन्ट कंपनीने त्यापासून झटपट वाळणारा रंग काढला, आणि १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्या त्या रंगात न्हाऊन निघू लागल्या. पूर्वी ज्या गाडीला रंग देऊन वाळवायला आठवडे लागत ती आता काही तासांत तयार होई. गिटारीच्या कारखान्यांना हेच हवे होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मार्टिन कंपनीनेही नायट्रोसेल्युलोज लॅकर स्वीकारला.

या लॅकरचा स्वभाव समजला की अर्धी परीक्षा सुटते. तो कधीच पूर्णपणे स्थिरावत नाही. वर्षे जातात तसा तो आकसतो, पिवळसर होतो, ठिसूळ होतो. त्याच्या खालचे लाकूड मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगत व आकसत राहते. कडाक्याच्या थंडीतून आणलेली पेटी ऊबदार खोलीत एकदम उघडली, तर लाकूड हलते आणि ठिसूळ लॅकर त्याला साथ देऊ शकत नाही. मग पृष्ठभागावर बारीक रेषांचे जाळे उमटते, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडते तसे. नवखा ग्राहक या रेषांना तडा समजतो. तो तडा नव्हे. लॅकर तडकला आहे, लाकूड शाबूत आहे. रेषा लाकडाच्या शिरांना आडव्या किंवा तिरप्या जात असतील आणि गिटारीच्या पोटात दिवा व छोटा आरसा घालून पाहिल्यावर आतून काहीच दिसत नसेल, तर निर्धास्त राहावे. लाकडाचा खरा तडा बहुधा शिरांच्या दिशेने धावतो आणि आतूनही दिसतो.

आतून पाहणे ही गोष्ट बहुतेक जण करीतच नाहीत. बखरीचे मुखपृष्ठ पाहून ती विश्वसनीय की कसे हे ठरवण्यासारखा हा प्रकार आहे. जुन्या तड्यांवर कारागीर आतून लाकडाचे लहान चौकटी तुकडे आडवे चिकटवतात. ते दिसले तर घाबरू नये. कुणीतरी वेळेवर काळजी घेतली, असा त्यांचा अर्थ. तड्यात काळी धूळ भरलेली असेल आणि आत तुकडा नसेल, तर मात्र तो तडा अनेक वर्षे उघडाच राहिला आहे.

एका विशिष्ट तड्याची गोष्ट येथे सांगायलाच हवी, कारण तो वादकाने पाडलेलाच नाही. मार्टिनच्या जुन्या गिटारींवर गोल भोकाच्या बाजूला काळे किंवा कासवाच्या पाठीसारखे ठिपकेदार पिकगार्ड असते; पिकच्या घर्षणापासून वरच्या फळीला वाचवणारे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कंपनी हे पिकगार्ड उघड्या लाकडावर थेट चिकटवी आणि मग वरून लॅकर देई. प्लास्टिक हळूहळू आकसते. आकसताना ते खालच्या स्प्रूसच्या फळीलाही ओढते, आणि शेवटी पिकगार्डच्या कडेला शिरेच्या रेषेत फळी फाटते. रक्षणासाठी लावलेल्या वस्तूनेच लाकूड फाडावे, हा दैवदुर्विलास. व्यवहारात मात्र हा तडा इतका सर्रास आढळतो, की नीट जुळवलेला असेल तर जाणकार त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. दर थोडा खाली येतो, इतकेच.

मग नेल्सन यांच्या गिटारीला पिकगार्ड का नव्हते? कारण एन-२० ही नायलॉनच्या तारांची, शास्त्रीय पद्धतीची गिटार. ती बोटांनी वाजवायची असते. पिकगार्डची तिला गरजच कल्पिलेली नाही. स्पेनमधले फ्लामेंकोवादक फळीवर बोटांनी ठोके देतात, म्हणून त्यांच्या गिटारींवर ठोक्यांसाठी वेगळी पातळ पट्टी लावतात. शास्त्रीय गिटारीला तीही नाही. नेल्सन यांनी या नाजूक फळीवर पिक चालवले. भोक पडले ते यामुळे. वाद्य एका पद्धतीसाठी घडले, वाजले दुसऱ्याच पद्धतीने, आणि दोहोंमधला विसंवाद लाकडात कोरला गेला. १९७७ पासून ऑस्टिनचे कारागीर मार्क अर्लवाइन तिची देखभाल करतात. भोक बुजवण्याऐवजी आतल्या आधारपट्ट्या भक्कम ठेवणे आणि झिजत्या जागेवर लॅकर देत राहणे, हा त्यांचा उपाय. भोक आहे, पण गिटारीचा सांगाडा सुरक्षित आहे.

रूपाची झीज आणि सांगाड्याची झीज या दोहोंत गल्लत करू नये, हे गिटारीच्या परीक्षेतले पहिले सूत्र. आणि सांगाडा तपासण्याच्या खुणा अगदी साध्या आहेत. तारा जिथे खाली अडकतात त्या पट्टीला घोडी म्हणू. आपल्या सतारीचा शब्द येथे बरोबर चालतो. घोडीच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहावा. तो आत गेला, तर तारांच्या ओढीने घोडी उचलली जात आहे. घोडीमागची फळी किंचित फुगलेली असणे स्वाभाविक आहे, कारण पोलादी तारा तिला अखंड खेचत असतात. पण फुगवटा ठळक असेल आणि गोल भोकाजवळची फळी खाली बसली असेल, तर आतल्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता आहे. मग दांडीवर सरळ पट्टी ठेवावी. तिचे टोक घोडीच्या माथ्यावर आले पाहिजे. ते घोडीच्या अंगावर, खाली आदळले, तर दांडी पुढे झुकली आहे आणि ती उतरवून पुन्हा बसवावी लागेल. खर्चिक काम आहे. जुन्या मार्टिन घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की या कंपनीने दांडीतली फिरवून ताण बदलता येणारी सळई १९८५ मध्ये आणली; त्याआधीच्या दांडीचा बाक किल्ली फिरवून दुरुस्त होत नाही.

माझी स्वतःची पहिली खरेदी या सर्व ज्ञानाच्या आधीची. एका दुकानात दोन गिटारी होत्या. एक ओरखड्यांनी भरलेली, दुसरी आरशासारखी. मी आरसा घेतला. पहिल्या पावसाळ्यात त्याची घोडी उचलली आणि दिवाळीपर्यंत बाजूला लटकू लागली. ओरखड्यांची गिटार नंतर कॉलेजातल्या एका मित्राने घेतली. ती अजून वाजते, आणि तो मला हे सांगण्याची एकही संधी सोडत नाही.

असो. आता अधिक रंजक भागाकडे येऊ. झीज खरी की बनावट?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १९९५ साली फेंडर कंपनीने मुद्दाम झिजवलेल्या, नव्या पण जुन्या दिसणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या. ही कल्पना इतकी चालली, की अकूस्टिक गिटार बनवणाऱ्यांनीही तिचे अनुकरण केले. मार्टिनने झिजवलेल्या रूपाच्या मालिका काढल्या आणि गिब्सनने २०२१ मध्ये याच कामासाठी मर्फी लॅब ही स्वतंत्र शाखा उघडली. कंपनी जेव्हा उघडपणे हे करते तेव्हा ती सजावट असते. हीच गिटार पुढे दोन हात फिरून ‘आजोबांची’ म्हणून विकली जाते, तेव्हा ती बनावट दस्तऐवज होते.

बनावट सनद ओळखताना आपण पाहतो, की शिक्का, भाषा, तिथी आणि कागद एकमेकांशी जुळतात काय. गिटारीचेही तसेच. मनुष्य गिटार वाजवतो तेव्हा ती विशिष्ट जागीच झिजते. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग जिथे टेकतो ती वरची कड, पिकच्या फटकाऱ्याची जागा, पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, दांडीच्या मागे अंगठ्याची घसरपट्टी, आणि पहिल्या तीनचार फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा. या साऱ्यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. समोरची फळी पार खरवडलेली आहे पण फ्रेट कोरे आहेत, असे दिसले तर दोनच शक्यता उरतात. फ्रेट बदलले आहेत, किंवा झीज कुणीतरी सॅंडपेपरने केली आहे. फ्रेट बदलणे ही रास्त दुरुस्ती आहे, विकणाऱ्याला विचारावे. उत्तर अडखळले, तर निघून यावे.

आणखी एक खूण. १९६० च्या दशकापासून अनेक कारखाने पॉलिएस्टर व पॉलियुरेथेनसारख्या कठीण लेपांकडे वळले. हा लेप जाड असतो. तो झिजत नाही, टवका उडून निघतो. तेव्हा अशा लेपाच्या गिटारीवर मऊ, उतरत जाणारी झीज दिसली, तर ती हाताने आणलेली असण्याचा संशय घ्यावा. जुना नायट्रो लॅकर अतिनील दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो. नंतर कुठे दुसऱ्या रंगाचा हात दिला असेल, तर ती जागा वेगळी दिसते. वस्तुसंग्रहालयात चित्रांसाठी वापरतात तीच ही युक्ती, आणि असा छोटा दिवा आता कुणालाही सहज मिळतो.

पुन्हा दिलेल्या पॉलिशबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण येथे तरुण संग्राहकांच्या हातून खरे नुकसान होते. जुनी गिटार आणली, डाग दिसले, घासून नवे पॉलिश दिले. झाले! शिवराई चिंचेने घासून लख्ख करणाऱ्याला नाणेसंग्राहक जे बोलतात, तेच बोलणे येथे लागू होते. नामांकित जुन्या गिटारीचे मूळ पॉलिश काढून नवे दिले, की तिची किंमत सुमारे निम्मी होते, असा जुन्या वाद्यांच्या व्यापारातला ढोबळ हिशेब आहे. पैशाचे सोडा; कोपर कुठे टेकत होते, पिकगार्ड केव्हा बदलले, त्याखालचे लाकूड किती फिकट राहिले, ही सारी साक्ष एका दुपारीत पुसली जाते. ती परत मिळत नाही.

लाकडाच्या जातीनेही काळ सांगता येतो, आणि येथे सह्याद्रीचा थेट संबंध आहे. मार्टिनच्या महागड्या गिटारींच्या पाठी व बाजू दीर्घकाळ ब्राझीलच्या शिसवाच्या असत. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर १९६९ च्या सुमारास कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. पश्चिम घाटाच्या जंगलांतले हेच झाड, ज्याचे पलंग व कपाटे आपल्या जुन्या वाड्यांत दिसतात. म्हणून १९७० नंतरच्या एखाद्या सर्वसाधारण मॉडेलला कुणी ब्राझीलचे शिसव म्हणून जादा दर सांगितला, तर अनुक्रमांक पाहावा. मार्टिनच्या गिटारींवर १८९८ पासून अनुक्रमांक आहेत, पोटातल्या दांडीच्या ठोकळ्यावर ते ठोकलेले असतात, आणि कोणता अंक कोणत्या वर्षाचा याची यादी कंपनीनेच प्रसिद्ध केली आहे. लाकूड खरोखर ब्राझीलचे निघाले तरी हुरळून जाऊ नये. १९९२ पासून ते आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वात कडक यादीत आहे. कागदपत्रांविना अशी गिटार सीमेपलीकडे नेता येत नाही. भारतीय शिसवासह या कुळातील इतर वृक्षांवर २०१७ मध्ये निर्बंध आले, पण तयार वाद्यांना त्यांतून २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली.

शेवटी एका अशा गिटारीची कहाणी, जिच्यात दोषाने वंश वाढवला.

१९३५ सालची मार्टिन डी-२८, अनुक्रमांक ५८९५७. कॅलिफोर्नियात क्लॅरन्स व्हाइट या ब्लूग्रास वादकाच्या हाती ती आली तेव्हाच तिची दशा झालेली होती. तिचे मधले गोल भोक मूळ मापापेक्षा मोठे केलेले होते, आणि बोटे ठेवण्याची पट्टी मूळची नव्हती. ती नेहमीपेक्षा लांब, भोकाकडे पुढे आलेली. मूळ स्थितीचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकाने ती नाकारलीच असती. व्हाइट यांनी तिच्यावर जे वाजवले त्याने ब्लूग्रासमधली गिटार साथीच्या रांगेतून पुढे आली. १९६० च्या आसपास टोनी राइस नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने व्हाइट यांच्याकडे ही गिटार पाहिली, थोडी वाजवूनही पाहिली. पुढे ती व्हाइट यांच्याकडून गेली. १९७३ च्या जुलैत रस्त्यावर गाडीत सामान भरताना मद्यपी चालकाच्या धडकेने व्हाइट यांचा मृत्यू झाला. वय अवघे २९. राइस यांनी त्या गिटारीचा माग काढला आणि १९७५ मध्ये ५५० डॉलरना ती विकत घेतली.

त्यांना ती हवी होती ती मोठ्या भोकासकट. तिच्या आवाजात मंद्राचा घुमारा कमी आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येणारा आहे, असे तिच्या चाहत्यांचे मत; राइस यांच्या ध्वनिमुद्रणांतून तोच आवाज जगभर गेला. परिणाम असा, की सांताक्रूझ गिटार कंपनीने राइस यांच्या नावाचे मॉडेल काढले, तेव्हा त्याचे भोकही मुद्दाम मोठे ठेवले. कुण्या अज्ञात हाताने केलेली खोडी आता नव्या गिटारींच्या आराखड्यात मोजमापासह लिहिलेली आहे.

१९९३ च्या मार्चमधल्या प्रचंड वादळात समुद्राचे पाणी फ्लोरिडातील राइस यांच्या घरात शिरले आणि ही गिटार पाण्यात गेली. सांधे ढिले पडले, लाकूड भिजले. ती वाळवून, जुळवून पुन्हा उभी केली गेली, आणि राइस तिच्यावरच वाजवत राहिले.

तिकडे ट्रिगरही वाचत आली आहे. नेल्सन यांचे टेनेसीतले घर जळाले तेव्हा ते पेटत्या घरात शिरून तिला बाहेर घेऊन आले. १९९० मध्ये करखात्याने थकबाकीपोटी त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा लिलावात ती जाऊ नये म्हणून त्यांनी मुलीकरवी तिला आधीच हवाईला हलवले होते. भोक त्या वेळीही होतेच.